थोरल्या दिराचे नाव

गुरुवार, ८ मार्च १९७९. साडेसहाला उठले. दूधवाला आला नाही, काळा चहा घेतला. बया सातऐवजी दहाला आली. डावा डोळा पूर्ण मिटलेला, खालचा ओठ फाटलेला, लुगड्याला शेण आणि रक्त. विचारल्यावर "पडलो" म्हणाली. बोरिक पावडरच्या पाण्याने डोळा शेकला. भांडी मीच घासली. दुपारी तिने खरे काय ते सांगितले.

ही नोंद ज्या बाईंच्या रोजनिशीतली आहे, त्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. बया म्हणजे बयाबाई भोपळे, त्यांच्याकडे सोळा वर्षे धुणेभांडी करणारी. सोळा वर्षांत तिचे खाडे मोजकेच, आणि ते सगळे त्या वह्यांत लिहिलेले आहेत.

बया पडली नव्हती. आदल्या दिवशी ती कुरुंदवाडच्या एसटीने सासरच्या गावी गेली होती, मुलीला परत आणायला. अंगणात पाऊल टाकले आणि थोरल्या दिराने तिचे केस धरले. केसाला धरून त्याने तिला गोठ्यापर्यंत फरफटत नेले, शेणात पाडले आणि पायातल्या पायताणासकट तोंडावर, बरगडीवर, पाठीवर लाथा घातल्या. घाईने नाही. साठीला टेकलेला माणूस, मध्येच थांबून दम घ्यायचा आणि परत सुरू करायचा. शालन, बयाची सोळा वर्षांची मुलगी, सोप्यात खांबाला धरून उभी होती.

"कागद दाखव," थोरला म्हणत होता. "सतरा वर्सं बोंबलतीस, ह्यानं मारलं, ह्यानं मारलं. एक कागद दाखव ज्यात तू माझं नाव घेतलंस. पोलिसास्नी सांगितलंस? जज्जाला सांगितलंस? घेतलंस व्हय नाव? सांग की पोरीला!"

बयाच्या तोंडात रक्त होते. पोरीसमोर खोटे बोलणे तिला जमले नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

"ऐकलंस?" थोरला शालनकडे वळला. "हिच्याच तोंडानं ऐकलंस."

ते नाव बयाने खरेच कधी घेतले नव्हते. सून नवऱ्याचे नाव घेत नाही, सासऱ्याचे घेत नाही आणि थोरल्या दिराचे तर त्याहून नाही. चौदाव्या वर्षी ती त्या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी बजावले होते. तेव्हापासून तो "थोरलं" होता. पुढे जे घडले त्यानंतरही थोरलंच राहिला. आधी मानाने आणि मग किळसेने, पण नाव कधी ओठांवर आले नाही ते नाहीच.

घडले ते १९६२ च्या शिमग्याआधी. दोघा भावांची वाटणी होऊन वर्ष झाले होते. बैलजोडीतला एकेक बैल दोघांना आला होता आणि कामापुरती जोडी जुंपायची असे ठरले होते. त्या दिवशी बयाचा नवरा धोंडीराम म्हणाला, माझ्या बैलाचा खूर सुजलाय, आज देत नाही. थोरल्याने बैल सोडून नेला आणि लंगडतो म्हणून त्याला आसुडाने फोडून काढले. धोंडीरामने जाऊन त्याचा हात धरला. बस्स, एवढेच.

बया भाकरी घेऊन बांधावर आली होती. पाचवा महिना होता. तिने पाहिले ते असे: थोरल्याने ऊस तोडायचा कोयता उचलला आणि पहिला घाव धोंडीरामच्या मानेजवळ खांद्यावर घातला. धोंडीराम गुडघ्यावर आला. त्याला अजून कळले नव्हते, तो "दादा, दादा" म्हणत होता. दुसरा घाव डोक्यावर बसला. तिसरा उचलला तेव्हा बया मध्ये पडली आणि तिने पाते उघड्या हाताने धरले. थोरल्याने कोयता ओढून घेतला. उजव्या हाताची दोन बोटे, अंगठ्याजवळची, पाचटात पडली. दुखले नाही. मनगटापर्यंत गरम काहीतरी वाहत आहे एवढेच जाणवले. थोरला नदीकडे पळाला. बयाने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले आणि तुटक्या हाताने त्याच्या डोक्याची जखम दाबून धरली. कोणते रक्त कुणाचे ते समजत नव्हते. बैलगाडी कुरुंदवाडच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

थोरल्याला जन्मठेप झाली. बया कोल्हापुरात आली, शालन इथेच जन्मली. चार वर्षांची असताना पोरीने विचारले, "आई, तुझी दोन बोटं कुठायत?" आणि बया म्हणाली, "चरकात गेली." उसाच्या चरकात बोटे जातात, सगळ्यांना माहीत असते. लेकरू घाबरू नये म्हणून जे पहिले सुचले ते ती बोलली. ते आपल्याला कुठून सुचले, याचा तिने विचार केला नाही.

सत्त्याहत्तर साली थोरला सुटून आला. सुटला तो गोड होऊनच. शालनला जत्रेला नेले, चोळीचे कापड घेतले, "तुझ्या बापाच्या जागी हाय मी" म्हणाला. हळूहळू सांगत गेला. तुझ्या बापाला चोरांनी मारले. तुझ्या आईला माझा वाटा हवा होता. माझ्यावर आळ आला, मी चौदा वर्षे भोगली. तिला विचार, तिने माझे नाव घेतले होते का? तिची बोटे चरकात गेली, तिनेच तुला सांगितले ना? मी कोयता चालवला असता तर तिने ते सांगितले नसते?

शालन सातवी शिकलेली, डोके सरळ चालणारी पोर होती. तिने आईला दोन्ही गोष्टी विचारल्या. बया गडबडली. पहिल्याला "न्हाय" म्हणाली, दुसऱ्याला तिने हात पदराखाली घेतला. संक्रांतीनंतर शालन आपली पेटी घेऊन चुलत्याकडे राहायला गेली.

आता पाडव्याला तिची सुपारी फोडून लग्न पक्के करायचे ठरले होते, थोरल्याच्या मेव्हण्याच्या मुलाशी. तो मुलगा पस्तिशीचा. त्याची पहिली बायको विहिरीत सापडली होती. पाय घसरला असे घरचे म्हणत, पण तिच्या मागच्या डोक्याला चार बोटांची खोक होती, असे तिला आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणत.

"पाडव्याला किती दिवस आहेत?" बाईंनी विचारले.

"तीन आठवडंबी न्हाईत."

"तो कागद मागतो ना? मग कागदच आणू."

"तीनदा गेलतो बाई. सीपीआर दवाखान्यासमोरच्या कोर्टात. त्यो कारकून बिचारा बासष्ट सालाची वही घिऊन बोट फिरवत बसला. म्हणाला, मावशी, धोंडीराम भोपळे न्हाय ह्यात. नंबर आण न्हाईतर तारीख आण." बयाने फाटका ओठ पदराने टिपला. "मला वाटतंय, थोरल्यांनी कागदबी मारून टाकला."

बाई उठल्या आणि माजघरातली पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात वह्या होत्या, सालवार. १९६३ ची काढली. बया त्याच वर्षी कामाला लागली होती. बाईंनी चष्मा पुसून पाने उलटली. १९ जून, बुधवार. "बया आली नाही. तिच्या नवऱ्याच्या खुनाचा आज निकाल. संध्याकाळी येऊन सांगून गेली: जन्मठेप. रडली नाही. पावसाने गच्ची गळते."

बाईंनी एका चिठ्ठीवर निकालाची तारीख लिहिली, खाली धोंडीरामचे पूर्ण नाव लिहिले आणि चिठ्ठी बयाच्या हातात दिली. चूक त्यांचीही तीच होती.

दुसऱ्या दिवशी बया कोर्टात गेली. आवारातल्या चिंचेखाली मीरासाब नावाचा अर्ज लिहिणारा बसायचा, लाकडी खोक्यावर टाइपरायटर ठेवून. तिने चिठ्ठी पुढे केली.

"आगं मावशी, तोंडाचं काय झालं?"

"पडलो."

"कोणाच्या हातावर पडलीस?" मीरासाबने कागद चढवला. "निकालाची नक्कल पायजे. बरं. धोंडीराम सखाराम भोपळे. हा कोण?"

"आमचं मालक."

"मालक सुटलं का आत हायत?"

"त्यास्नीच मारलं की."

मीरासाबने यंत्रावरची बोटे उचलली. "मेलेत? आणि त्यांच्या नावानं केस हुडकतीस? मावशी, मेलेल्या माणसावर सरकार खटला कशाला भरंल? वहीत मारणाऱ्याचं नाव असतंय. सरकार विरुद्ध अमका तमका. जो मेला त्याचं नाव आत, निकालात. बाहेर न्हाय. तीनदा त्या कारकुनाचे डोळे फोडलेस फुकट. सांग, मारणाऱ्याचं नाव सांग."

बयाने तोंडावर पदर धरला.

"ठावं न्हाय?"

"हाय."

"मग सांग की."

"थोरलं दीर."

"थोरलं दीर असं टाइप करू?" मीरासाब हसला. "मीबी एकीचा थोरला दीर हाय. मलाच आत घालतील. अक्षर येतंय? ह्या कागदावर लिव."

"येत न्हाय."

"मग कानात सांग."

बयाने मान हलवली. रांगेत मागे दोन माणसे उभी होती, त्यांतला एक म्हणाला, "ओ बाई, आवरा की, आमची तारीख हाय." मीरासाबने त्याला हाताने थांबवले. त्याची चेष्टा संपली होती. तो बयाच्या हाताकडे बघत होता, जिथे अंगठ्यानंतर एकदम करंगळीजवळचे बोट सुरू होत होते.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "त्यानंच व्हय हे?"

बयाने मान डोलावली. तिच्या डोळ्यांपुढे पाचट आले आणि "दादा, दादा" ऐकू आले. सासूने बजावलेले, रीत, मान, सगळे मागे राहिले आणि नाव आपोआप बाहेर पडले, ओकारी पडावी तसे.

"पिराजी," ती म्हणाली. "पिराजी सखाराम भोपळे."

आणि बाजूला वळून थुंकली. थुंकीत परवाचे रक्त होते.

मीरासाबने खट खट नाव उमटवले. अर्ध्या तासात कारकुनाचे बोट वहीत थांबले. "हे काय, समोरच हाय. सेशन केस नंबर सत्तावीस, सन बासष्ट. मावशी, पयल्याच दिवशी हे नाव सांगितलं असतंस तर?" साक्षींचे कागद मुदत भरली म्हणून नष्ट केलेले होते, पण निकाल जपून ठेवलेला होता. अर्जाला तिकिटे लागली, पोचपावती मिळाली, आणि बाराव्या दिवशी नऊ पानांची नक्कल हातात आली, पानापानावर गोल शिक्का मारलेली. सगळी इंग्रजीत.

बाईंनी दोन दिवस बसून तिचे मराठी केले, शाईने, ओळी सरळ ठेवून. मग बयाला समोर बसवून वाचून दाखवले. एका जागी बयाने हात वर केला.

"परत वाचा ते."

"आरोपीच्या वकिलांनी असे सुचविले की साक्षीदाराची बोटे घटनेपूर्वीच उसाच्या चरकात गेली होती."

बया भिंतीला टेकली. म्हणजे ते तिथून आले होते. कोर्टात उभी असताना त्याच्या वकिलाचे ते खोटे तिच्या कानात पडले होते, आणि तीनेक वर्षांनी पोरीने विचारल्यावर तेच तिच्या तोंडातून निघाले. तेरा वर्षे ती मुलीला त्याचीच बाजू सांगत आली होती.

"पुढं वाचू?" बाईंनी विचारले.

"वाचा."

पाडव्याला बया पहिल्या एसटीने गेली. थोरल्याच्या दारात गुढी उभी होती, अंगणात सतरंजी टाकलेली, पंधरावीस पाहुणे बसलेले. तीन दगडांच्या चुलीवर पातेल्यात चहा उकळत होता आणि नवी साडी नेसलेली शालन चहा ढवळत होती. नवरा मुलगा टोपी घालून बसला होता.

पिराजी उठून उभा राहिला. "परत आलीस? मागचं कमी पडलं?"

"कागद मागितलासा," बया म्हणाली. "आणलाय." ती त्याच्याकडे न जाता सरळ चुलीकडे गेली आणि बाईंच्या अक्षरातला मराठी कागद शालनच्या हातात दिला. "मोठ्यानं वाच. तुला वाचाय येतंय, मला न्हाय."

शालनने पाहुण्यांकडे पाहिले, चुलत्याकडे पाहिले. मग शाळेत धडा वाचावा तशी अडखळत वाचू लागली.

"मयताची विधवा बयाबाई हिने आरोपीचे नाव उच्चारण्यास नकार दिला. या भागातील सून थोरल्या दिराचे नाव घेत नाही ही रीत कोर्टास माहीत आहे. म्हणून तिला आरोपी दाखविण्यास सांगितले. तिने उजवा हात वर केला. त्या हातास तर्जनी व मधले बोट नाही. उरलेल्या बोटांनी तिने आरोपी पिराजी याच्याकडे निर्देश केला. डॉक्टरांच्या साक्षीनुसार ही बोटे धारदार शस्त्राच्या एकाच घावाने तुटली आहेत. चरकाने हाड चिरडते. येथे हाड स्वच्छ कापलेले आहे. कोर्टाच्या मते..."

ती थांबली.

"आई, चरकात गेली म्हणालतीस."

"खोटं बोललो, बाळा. चार वर्साची हुतीस तू."

"कुठल्या बामणिणीनं लिवून दिलेला कागद!" पिराजी दोन ढांगांत आला, शालनच्या हातातून कागद ओढला आणि उभा आडवा फाडला. तुकडे चुलीत टाकले.

"फाड की," बया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिक्क्याचा शाहूपुरीत हाय. मूळ कोर्टात हाय. त्यो फाडाय जाशील तर तुझंच नाव सांगाय लागतंय तितं. मला आता सांगाय येतंय, पिराजी. बघ. पिराजी. पिराजी सखाराम भोपळे."

सतरंजीवरची एक म्हातारी "अगं बाई!" म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला. भावजयीच्या तोंडून नाव, भर पाहुण्यांत, तेही अरेतुरेने. पिराजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने चुलीतले जळते लाकूड ओढले आणि बयाच्या डोक्यावर मारले. तिने डावा हात आडवा घातला म्हणून ते मनगटावर बसले. ठिणग्या उडाल्या, हाड मोडल्याचा आवाज सतरंजीपर्यंत ऐकू आला. ती खाली बसली. त्याने परत लाकूड उचलले, दोन्ही हातांनी, डोक्यावर, कोयता उचलावा तसे.

शालनने हे पाहिले. आताच वाचलेले सगळे तिच्यापुढे त्या हातांत उभे होते. तिने पदराने पातेल्याचे काठ धरले आणि उकळता चहा चुलत्याच्या तोंडावर आणि छातीवर फेकला.

पिराजी गुरासारखा ओरडला. लाकूड पडले, तोही पडला, गालाची कातडी हाताला चिकटून येत होती. नवरा मुलगा धावला तो शालनच्या अंगावर, आणि त्याने तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती चुलीच्या दगडावर आपटली. पण तोवर पाहुण्यांतली चार माणसे उठली होती. त्यांतल्या एका धिप्पाड माणसाने नवऱ्या मुलाचा दंड पिरगाळला.

"पयलीला असंच मारलंतास व्हय रे?" तो म्हणाला. "जावा बाई तुम्ही. पोरीला घिऊन जावा. सुपारी गेली खड्ड्यात."

बयाने चांगल्या हाताने शालनला उठवले. पोरीच्या कानातून रक्त येत होते आणि तळव्यांना पातेल्याचे चटके बसले होते. गावाबाहेर फाट्यावर त्यांना एसटी मिळाली. गाडीत बसल्यावर शालनने आईचा उजवा हात मांडीवर घेतला आणि जिथे बोटे नव्हती तिथल्या दोन गुळगुळीत गाठींवर आपला भाजलेला तळवा ठेवला.

"ते बाबास्नी मारत हुते तवा तू पातंच धरलंस?"

"व्हय."

"उघड्या हातानं?"

"मग काय, हातमोजं घालून?" बया म्हणाली, आणि मनगट दुखत असूनही हसली.

दोघी सीपीआरमध्ये प्लास्टर आणि मलमपट्टी करून पाचच्या सुमारास शाहूपुरीत आल्या. बाईंनी दार उघडले, शिक्क्याची नक्कल ट्रंकेत १९६३ च्या वहीखाली ठेवली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या संध्याकाळी रोजनिशीत त्यांनी कुणाविषयी काही लिहिले नाही. लिहिले ते एवढेच: "पाडवा. श्रीखंड थोडे आंबट झाले. भाताला तांदूळ एक वाटीऐवजी तीन वाट्या घेतला."